निवृत्तिवेतनातून जन्मलेला श्रेयांक

एका महाविद्यालयात दोन वर्षे शिकलेला विद्यार्थी दुसरीकडे गेला, तर त्याचे आधीचे शिक्षण किती धरायचे? आज याचे उत्तर श्रेयांकांत देतात. या मापाचे मूळ मात्र प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनात आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत माध्यमिक शाळा झपाट्याने वाढल्या. प्रत्येकीचा अभ्यासक्रम निराळा, त्यामुळे प्रवेश देताना महाविद्यालयांची पंचाईत होई. १९०५ साली उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. पण महाविद्यालय म्हणायचे कोणाला? कार्नेगी प्रतिष्ठानाने इतर अटींबरोबर एक अट घातली: प्रवेशासाठी शालेय शिक्षणाची किमान १४ एकके मागितली पाहिजेत. एक एकक म्हणजे एका विषयाचे वर्षभरातील १२० तास. निवृत्तिवेतनाच्या ओढीने हे माप देशभर रुजले. पुढे महाविद्यालयांतही सत्रभर आठवड्याला एक तास अध्यापन म्हणजे एक श्रेयांक, असा हिशेब रूढ झाला.

सोय झाली, पण एक उणीव राहिली. तास मोजले गेले. विद्यार्थ्याला काय उमगले, ते त्यात आले नाही. शिवाय दोन ठिकाणचे तास सारखे असले, तरी विषयाची खोली सारखी असतेच असे नाही.

युरोपात १९८९ साली श्रेयांक हस्तांतराचा प्रयोग सुरू झाला. तेथे वर्गातील तासांऐवजी विद्यार्थ्याचे एकूण श्रम धरले. घरचा अभ्यास, प्रयोग, परीक्षा हे सारे मिळून वर्षाचे ६० श्रेयांक. विद्यार्थी निघण्यापूर्वीच दोन्ही विद्यापीठे आणि तो स्वतः लेखी करार करतात. कोणते विषय मान्य होतील, हे आधी ठरल्याने परतल्यावर वाद उरत नाही.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली 'शैक्षणिक श्रेयांक पेढी'चे नियम केले. विद्यार्थ्याचे श्रेयांक तेथे जमा होतात. त्या नियमांनुसार ते जास्तीत जास्त सात वर्षे टिकतात, आणि पदवी देणाऱ्या संस्थेत निदान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात.

ही निम्म्याची अट बोलकी आहे. पेढी आकडे सांभाळते. दुसऱ्या संस्थेच्या अध्यापनावरचा विश्वास तिला निर्माण करता येत नाही. तो अभ्यासक्रम शेजारी ठेवून, प्रयोग आणि परीक्षा ताडून शिक्षकांनाच निर्माण करावा लागतो. घरच्या अडचणीने शिक्षण अर्ध्यावर सोडलेल्या मुलीची दोन वर्षे पुढे धरली जातील की वाया जातील, हे शेवटी त्या ताळ्यावरच ठरते.