सोलापूरच्या एका उद्योगी पुरुषाचे सरकती व स्नेही

व्यापारी पेढ्यांचे जुने कागद चाळणाऱ्यास एक गोष्ट लवकरच कळून येते. भांडणाचा कागद टिकतो, स्नेहाचा टिकत नाहीं. दोन सरकत्यांत वांकडें आलें म्हणजे फारकतीचें पत्र होतें, पंच बसतात, हिशेबांच्या नकला होतात, आणि प्रकरण अदालतींत गेल्यास फैसल्याची प्रत दोन्ही पक्षांच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवली जाते. ज्या दोघांनीं उभा जन्म एकमेकांच्या शब्दावर व्यवहार केला, त्यांच्या दप्तरांत मात्र बहुधा रोजकीर्द, खतावणी व हुंड्यांच्या नोंदी यांपलीकडे कांहीं सांपडत नाहीं. त्यामुळें आमच्या उदीमव्यापाराचा जो इतिहास लिहिला जातो, तो एक तर एकट्या कर्त्या पुरुषाचा पोवाडा होतो, नाहीं तर कज्जांची बखर होते. बरोबरीच्या उद्योगी माणसांमधील टिकाऊ मैत्री हें भांडवलाइतकेंच खरें साधन असून तिचा माग आनुषंगिक पुराव्यावरून काढतां येतो, असें आमचें मत आहे. तें सोलापूरच्या एका उदाहरणानें येथें मांडतों.

सोलापुरास आगगाडी १८६० सालीं आली. कापसाच्या मुलखांतील हें गांव मुंबईस जोडलें गेल्यावर गिरणी निघणें ओघानेंच आलें. मुंबईचे शेठ मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकारानें ‘सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ची गिरणी १८७७ सालीं चालू झाली, गांवकरी तिला ‘जुनी गिरणी’ म्हणत. संस्थापक १८८० त वारले, तरी गिरणीचा संबंध त्यांच्या घराण्याकडे पुढेंही राहिला. आज कायद्याच्या विद्यार्थ्यांस ही गिरणी ठाऊक आहे ती निराळ्याच कारणानें. १९४९ च्या ऑगस्टांत ती बंद पडली. १९५० च्या जानेवारींत सरकारनें वटहुकूम काढून तिचा कारभार हातीं घेतला. पाठोपाठ कायदा झाला, भागधारक सर्वोच्च न्यायालयांत गेले, आणि १९५० व १९५३ च्या निकालांनीं सोलापूरचें नांव घटनेच्या भाष्यग्रंथांत कायमचें नोंदलें गेलें. चार वर्षांचा कज्जा असा छापील झाला. त्यापूर्वींच्या सत्तर वर्षांत या गिरणीच्या मालकांचे या गांवाशीं व येथील माणसांशीं कसे संबंध जडले, तें मात्र शोधावें लागतें.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म सोलापुरांत २३ नोव्हेंबर १८८२ रोजीं झाला. त्यांचें घराणें हुमड जैनांचें, मूळ काठेवाडांतील वांकानेरचें. कापसाचा व्यापार व सावकारी हा घरचा धंदा. वडील हिराचंद नेमचंद हे जैन समाजांतील विद्याव्यासंगी सुधारक म्हणून प्रसिद्ध होते. मुलगा सोलापुरांत मॅट्रिकपर्यंत शिकून मुंबईस व पुण्यास कॉलेजांत गेला, पण पदवी न घेतांच परतला. पेढी तयार होती, गादीवर बसून व्याज मोजण्यापुरती अक्कल पुरेशी होती. परंतु त्याचें मन तींत रमेना.

याच सुमारास लक्ष्मणराव बळवंत फाटक यांची गांठ पडली. फाटक हे रेल्वेच्या नोकरींत कारकुनी केलेले गृहस्थ. बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फुटी रुळांची लहान गाडी कुर्डुवाडीहून बार्शीस १८९७ त आली होती, आणि पुढें तडवळ्याच्या बाजूस, त्या वेळच्या निजामी मुलखांत, तिचा विस्तार चालला होता. तिच्या रस्त्याच्या एका तुकड्याचें काम मक्त्यानें घेणें ही या दोघांची सुरुवात.

मक्त्याच्या धंद्याचें स्वरूप वाचकांच्या ध्यानांत असल्याखेरीज या सरकतीचें मर्म कळणार नाहीं. मक्तेदारास आरंभींच अनामत भरावी लागते. माती खणणाऱ्यांची व दगड फोडणाऱ्यांची मजुरी आठवड्याच्या बाजारास रोख द्यावी लागते. बिल मात्र काम मोजून, इंजिनियरची सही होऊन, महिन्या-दोन महिन्यांनीं मंजूर होतें. तेव्हां रोख रक्कम नसेल त्यानें या धंद्यांत पाऊल टाकूं नये. उलट ज्यास भराव व खोदाई यांचे दर समजत नाहींत, कोणत्या मोजणींत साहेब हात आखडता घेईल याचा अंदाज नाहीं, त्याची रोख रक्कम पहिल्या पावसाळ्यांतच मातीस मिळते. फाटकांजवळ हें दुसरें ज्ञान होतें. वालचंदांजवळ पहिलें साधन होतें.

सोलापूर प्रांतांत अशा प्रसंगाची रूढ वाट ठरलेली होती. गरजूनें सावकाराकडे यावें, खत लिहून द्यावें, जामीन द्यावा, व्याज भरावें. सावकाराच्या घरच्या तरुणानें फाटकांस ऋणको केलें असतें, तर त्यांत कोणासच नवल वाटलें नसतें, आणि जोखीमही पुष्कळ कमी झाली असती. त्यानें त्यांस सरकती केलें. नफा झाल्यास दोघांचा, बुडाल्यास दोघांचा; आणि ब्राह्मण कारकून व जैन सावकारपुत्र हे कामाच्या जागीं बरोबरीचे. घरचे वडीलधारे, जातिबांधव, जुने गुमास्ते यांच्या वर्तुळाबाहेर जाऊन हा स्नेह जोडलेला होता, आणि त्यामुळेंच पेढीच्या चार भिंतींत जें ज्ञान कधींच आलें नसतें तें वालचंदांस मिळालें. घरचा भाऊ घरांतलेंच जाणतो.

या नात्याचा पुरावा कोणता, असें कोणी विचारील. आमच्या मतें पहिला पुरावा पेढीच्या नांवांत आहे. ती ‘फाटक-वालचंद’ म्हणून ओळखली गेली. पैसा ज्याचा त्याचें नांव मागें, आणि कसब ज्याचें त्याचें पुढें. मक्ता आणण्याचा उद्योग फाटकांचा म्हणून नांवाचा क्रम असा लागला असेल, अशी शंका घेतां येईल, व ती गैर नाहीं. परंतु हाच पुरावा पुढें दुसऱ्यांदां येतो. वालचंदांनीं मुंबईस नरोत्तम मोरारजी यांच्याबरोबर आगबोटींचा धंदा काढला, तेव्हां त्या कंपनीचा कारभार पाहणाऱ्या पेढीचें नांव ‘नरोत्तम मोरारजी आणि कंपनी’ असें होतें. वालचंदांचें नांव त्यांत मुळींच नाहीं. ज्याच्या नांवानें पुढें इंदापूर तालुक्यांत कळंबच्या माळावर वालचंदनगर वसलें, त्या पुरुषास नांवाची पर्वा नव्हती असें म्हणवत नाहीं. तेव्हां दोन्ही ठिकाणीं मागें राहणें हें स्वभावाचें नव्हे, समजून उमजून केलेलें आहे.

नरोत्तम हे सोलापूरची जुनी गिरणी काढणाऱ्या मोरारजी गोकुळदासांचे चिरंजीव. एकाच्या वडिलांनीं या गांवांत गिरणी उभारली, दुसऱ्याचें घर या गांवांत पेढी चालवीत होतें. वयांतही फारसें अंतर नव्हतें. १९१९ सालीं ‘लॉयल्टी’ नांवाची आगबोट ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून घेण्यांत आली. तींत नरोत्तम व वालचंद यांच्याबरोबर किलाचंद देवचंद होते, आणि कंपनी उभी करण्यांत लल्लुभाई सामळदास यांचाही हात होता. कंपनीचें नांव ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन’ असें पडलें. ५ एप्रिल १९१९ रोजीं ती बोट मुंबईहून लंडनकडे निघाली. हाच दिवस आतां राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. मैत्रीनें चूक टळते असें मात्र कोणीं समजूं नये. ही बोट मूळ कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची, १८९१ सालापासून समुद्रावर असलेली. १९२३ त ती मोडींत निघाली. चार शहाण्या स्नेह्यांनीं मिळून जुनें गलबत घेतलें, एवढाच त्याचा अर्थ.

खरी परीक्षा पुढेंच होती. हिंदी समुद्रावरील वाहतूक ब्रिटिश कंपन्यांच्या हातीं होती आणि नवा प्रतिस्पर्धी उठला म्हणजे भाडें इतकें उतरवावयाचें कीं तो आपोआप बुडावा, ही त्यांची जुनी रीत. जमशेटजी टाटांनीं १८९३ सालीं जपानच्या मार्गावर केलेला प्रयत्न या रीतीनेंच संपला. तुतिकोरिनच्या चिदंबरम् पिळ्ळै यांनीं १९०६ सालीं काढलेली स्वदेशी आगबोट कंपनी तर त्यांच्या तुरुंगवासाच्या काळांतच मोडली. या दुसऱ्या उदाहरणाकडे अभ्यासकांनीं विशेष लक्ष द्यावें. तेथें कर्ता पुरुष असामान्य होता. परंतु तो बंदींत गेल्यावर त्याची जागा राखणारा बरोबरीचा सोबती उरला नाहीं. सिंदिया कंपनीवर १९१९ नंतर हेंच अस्त्र चाललें. दर कोसळले, भाग उतरले, भागधारक कुरकुरूं लागले. कंपनी तरली तिचीं कारणें अनेक आहेत. महायुद्धानंतर जमलेलें मोठें भांडवल हें त्यांतील एक. पण भांडवल असूनही चालक आपसांत फुटले म्हणजे काय होतें, तें सांगावयास नको.

१९२३ सालीं प्रतिस्पर्ध्यांशीं दहा वर्षांचा करार झाला. कंपनीस किनाऱ्यावर मालवाहतुकीची जागा मिळाली, पण तिच्या वाढीस मर्यादा पडल्या. वालचंदांस हा करार मनापासून पसंत नव्हता. आपल्या मताविरुद्ध ठराव झाला असतां फारकत घेऊन बाहेर पडणें हा व्यापाऱ्याचा नेहमींचा मार्ग. वालचंद राहिले, आणि नरोत्तमांबरोबरच राहिले. मतभेद होऊनही सरकत न मोडणें, हें मैत्री ओळखण्याचें आमचें दुसरें गमक आहे. मतभेदच न झालेल्या सरकतीविषयीं इतिहासकारानें कांहीं बोलूं नये; एक तर तींत एक जण मुका असतो, किंवा कागद गहाळ झालेले असतात.

१९२९ सालीं नरोत्तम वारले. अध्यक्षपद वालचंदांकडे आलें व तें १९५० पर्यंत राहिलें. स्नेही निवर्तल्यावर त्याच्या घराण्यास हळूहळू बाजूस सारणें या दोन दशकांत त्यांस अशक्य नव्हतें. पेढीवर मृत मित्राचें नांव कायम राहिलें. त्याचे चिरंजीव शांतिकुमार व सूनबाई सुमतीबाई कारभारांत वाढत गेले, आणि वालचंदांच्या मागून कंपनीचे धुरीण म्हणून पुढें आले. वालचंद ८ एप्रिल १९५३ रोजीं वारले. दुसऱ्या पिढीपर्यंत पोहोंचलेला स्नेह हा तिसरा पुरावा, आणि आमच्या दृष्टीनें सर्वांत बळकट.

याच सोलापूर जिल्ह्यांत याच्या उलट जातीचें एक उदाहरण आहे, तें नमूद न करणें अप्रामाणिकपणाचें होईल. सासवडकडील माळी बागाइतदार नीरेच्या पाटावर उसाच्या शेतीसाठीं आले, आणि १९३२ च्या सुमारास त्यांनीं अकलूजजवळ माळीनगर येथें स्वतःचा साखर कारखाना काढला. हे सर्व एका जातीचे, एका मुलखाचे, एकमेकांचे सोयरे. म्हणजे जातीबाहेरचाच स्नेह उद्योगास उपयोगी, असा सिद्धांत मांडतां येत नाहीं. फरक एवढाच दिसतो कीं, माळीनगरकरांस जें हवें होतें तें त्यांच्यांतच होतें: ऊस, पाणी व शेतीचें ज्ञान. वालचंदांस जें हवें होतें तें घराबाहेर होतें. यावर अधिक विवेचन स्वतंत्र लेखांतच शोभेल.

फाटकांविषयीं एक मुद्दा राहतो. फाटक-वालचंद पेढी १९२० त टाटांच्या बांधकाम कंपनींत विलीन झाली, भोर घाटांतील बोगद्यांसारखीं मोठीं कामें त्यापुढचीं. गं. दे. खानोलकर यांनीं वालचंदांचें विस्तृत चरित्र लिहिलें असल्यानें एका सरकत्याची बाजू सुरक्षित आहे. दुसऱ्या सरकत्याचें तसें चरित्र उपलब्ध नसल्यानें त्याची बाजू कागदांतूनच यावी लागेल. सोलापूर, बार्शी, कुर्डुवाडी व येडशी या भागांतील ज्या घरांत जुन्या मक्तेदारांचीं मोजणीचीं बुकें, मजुरीचे तक्ते, मुकादमांच्या उचलीच्या वह्या किंवा मोडींतील खाजगी पत्रें असतील, तीं सनदांच्या शोधांत फिरणाऱ्या संग्राहकांनीं रद्दी म्हणून टाकूं नयेत. मोजणीच्या बुकांच्या समासांत एका सरकत्यानें दुसऱ्यास उद्देशून लिहिलेली ओळ क्वचित् आढळते. ती पेन्सिलीची असते. तेव्हां बुक झटकण्यापूर्वीं पाहावें.