पास्तेल : एका कातड्याचा जोडा

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, तह आणि लढाया उभ्या राहतात. माणसांच्या पायांत काय होते, हे सहसा कोणी विचारीत नाही. परंतु ज्या लोकांना शतकानुशतके स्वतःचे राज्य नव्हते आणि स्वतःची जमीनही नव्हती, त्यांचा इतिहास त्यांच्या वापरातल्या वस्तूंतच शोधावा लागतो. बाल्टिक समुद्राकाठचे एस्टोनियन हे असे लोक होत. त्यांच्या शेतकऱ्याच्या पादत्राणाला ‘पास्तेल’ म्हणतात.

तेराव्या शतकात जर्मन सरदारांनी आणि डेन लोकांनी हा मुलूख जिंकला. पुढे स्वीडन आले, रशिया आला. पण जमीन बहुतांशी जर्मन जमीनदारांकडेच राहिली आणि शेतकरी त्यांचा भूदास झाला. शहरांतील कारागिरांच्या संघांवरही जर्मनांचेच वर्चस्व होते. शहरातला शिवलेला जोडा शेतकऱ्याला रोजच्या वापरासाठी परवडणारा नव्हता. मग तो आपला जोडा आपणच करी.

हा जोडा करायचा कसा? आपल्या वहाणेला तळ वेगळा आणि वरचे पट्टे वेगळे. पास्तेलला वेगळा तळ नाहीच. गुराच्या कमावलेल्या कातड्याचा, पावलाहून लांबरुंद असा एकच चौकोनी तुकडा कापतात. तो पाण्यात भिजवून मऊ करतात. कडेने आरीने भोके पाडून त्यांतून वादी किंवा दोरी ओवतात. दोरी ओढली की कातडे बटव्यासारखे गोळा होते आणि बोटांवर चुण्या पडतात. टाचेकडची बाजू दुमडून शिवतात. ओले कातडे पायावर बसवून वाळू दिले की ते त्या पायाचा आकार घेते. उजवा-डावा असा भेद कापताना नसतो. तो पाय ठरवतो. मग उरलेले लांब बंद मोज्यांवरून किंवा पायाला गुंडाळलेल्या फडक्यावरून पोटरीपर्यंत वेढायचे. चाकू, आरी आणि एक तुकडा कातडे, एवढ्यावर काम भागते.

ही युक्ती एकट्या एस्टोनियाची नव्हे. शेजारच्या लाटव्हियात, बाल्कन प्रदेशात, आयर्लंडच्या ॲरन बेटांवर अशीच पादत्राणे होती. आर्मेनियातील अरेनी येथील गुहेत २००८ साली सापडलेला, सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा जोडाही एकाच कातड्याचा आहे. ज्याच्याजवळ गुरे आहेत आणि पैसा नाही, त्याला हा जोडा सुचतोच.

एस्टोनियात मात्र पादत्राणावरून माणसाची पायरी कळे. झाडाच्या अंतरसालीचे विणलेले जोडे सर्वांत गरिबाचे, त्यावर पास्तेल, त्याहून वर बूट. बूट जपून वापरायची वस्तू. लोक चर्चला अनवाणी चालत जात आणि जवळ पोहोचल्यावर जोडे पायांत घालीत.

१८१६ व १८१९ साली भूदासपणा कायद्याने संपला, पण जमीन मिळाली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेतकरी हळूहळू शेते विकत घेऊ लागला. पैसा आला, बाजार आला, आणि बूट आले. पास्तेल मागे पडले. ज्याने गरिबी सोसली त्याला गरिबीची खूण मिरवाविशी वाटत नाही. त्यात त्याचा दोष नाही.

नेमक्या त्याच काळात एस्टोनियनांना आपण एक राष्ट्र आहोत ही जाणीव झाली. १८६९ साली तार्तू शहरी पहिला गीतमहोत्सव भरला. १९०९ साली तेथेच राष्ट्रीय संग्रहालय स्थापन झाले. क्रिस्त्यान राउद ह्या चित्रकारासारख्या मंडळींच्या खटपटीने खेड्यापाड्यांतून जुन्या वस्तू गोळा झाल्या. अडगळीत पडलेले कपडे, भांडी, पादत्राणे ह्यांना प्रथमच जपण्याजोगे मोल आले. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, राआदी येथील संग्रहालयाचा वाडा उद्ध्वस्त झाला; सुदैवाने संग्रह बव्हंशी आधीच हलवलेला होता. त्या जागेजवळ सोव्हिएत लष्कराचा विमानतळ झाला. १९९१ साली देश पुन्हा स्वतंत्र झाला आणि २०१६ साली त्याच विमानतळाच्या धावपट्टीच्या टोकाशी संग्रहालयाची नवी इमारत उभी राहिली.

संग्रहालय वस्तू वाचवते. हातातले ज्ञान वाचवायला मात्र हातच लागतात. कातडे किती भिजवावे, दोरी किती ओढावी, हे कपाटातला जोडा पुरते सांगत नाही. म्हणून आजही तेथे लोक पास्तेल करायला शिकतात आणि लोकनृत्याच्या वेळी ते पायांत घालतात. आजोबांनी जे नाइलाजाने केले, ते नातवंडे आवडीने करतात. ह्या दोहोंमधले अंतर म्हणजेच त्या राष्ट्राचा दोनशे वर्षांचा प्रवास होय.