ठाकूर, शार्दूल नरेंद्र

ठाकूर, शार्दूल नरेंद्र : (१६ ऑक्टोबर १९९१ – ). भारतीय क्रिकेटपटू. उजव्या हाताने मध्यम-जलद मारा करणारे गोलंदाज आणि तळाच्या क्रमांकावर येऊन डाव सावरणारे आक्रमक फलंदाज. जन्म पालघर येथे. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले, तोवर ठाकूर मुंबईच्या रणजी संघात दाखल झाले होते. ‘पालघर एक्सप्रेस’ आणि ‘लॉर्ड शार्दूल’ ही त्यांची चाहत्यांमधली टोपणनावे. दुसरे नाव थट्टेतून आले आणि पुढे कौतुकाचे होऊन बसले.

शालेय क्रिकेट : मुंबई क्रिकेटमध्ये पहिली पायरी शाळेची असते. जाइल्स आणि हॅरिस शिल्ड या आंतरशालेय स्पर्धांवर निवडकर्त्यांचे आणि प्रशिक्षकांचे लक्ष असते. सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांची ६६४ धावांची भागीदारी १९८८ साली हॅरिस शिल्डमध्येच झाली. मात्र या स्पर्धांत चमकायचे तर मुंबईच्या शाळेत असावे लागते, आणि पालघर विरारच्याही पलीकडे आहे. उपनगरी लोकल तेव्हा विरारपर्यंतच धावत असे. पुढच्या प्रवाशांना शटल आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांवर अवलंबून राहावे लागे. क्रिकेटचे किट खांद्यावर घेऊन पहाटेची गाडी पकडणे हा ठाकूर यांच्या शालेय वयातला नेम होता.

त्यांचे गाव पालघरजवळचे माहीम (मुंबईतले माहीम वेगळे) आणि शाळा बोईसरची तारापूर विद्या मंदिर. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलविरुद्धच्या एका सामन्यात त्यांनी ७८ धावा केल्या आणि पाच बळी घेतले. प्रतिस्पर्धी शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी या मुलाला आपल्या शाळेत आणायचे ठरवले. रोहित शर्माही लाड यांच्याच हाताखाली घडले आहेत. पुढे लाड यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. दहावीचे वर्ष तोंडावर आणि रोजचा लांबचा रेल्वेप्रवास, यामुळे घरचे कचरत होते. तेव्हा लाड यांनी ठाकूर यांना बोरिवलीला स्वतःच्या घरी ठेवून घेतले. नव्या शाळेकडून खेळताना ठाकूर यांनी हॅरिस शिल्डच्या सामन्यात एका षटकात सहा षटकार मारले. पुढे गोलंदाज म्हणून ओळखल्या गेलेल्या या खेळाडूचे नाव मुंबईच्या मैदानांवर पहिल्यांदा गाजले ते फलंदाजीमुळे.

मुंबई संघ : नोव्हेंबर २०१२ मध्ये जयपूर येथे राजस्थानविरुद्ध त्यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. सुरुवात फिकी होती. पहिल्या चार सामन्यांत त्यांना चारच बळी मिळाले, तेही ८२च्या सरासरीने. अंगकाठी जड असल्याने तेंडुलकर यांनी त्यांना वजन कमी करण्याचा सल्ला दिला आणि त्यांनी तो मनावर घेतला. २०१४-१५च्या रणजी हंगामात त्यांनी ४८ बळी मिळवले. फेब्रुवारी २०१६ मध्ये पुण्यात झालेल्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राच्या दुसऱ्या डावात २६ धावांत ५ बळी घेऊन त्यांनी मुंबईच्या ४१व्या रणजी विजेतेपदाला हातभार लावला.

आंतरराष्ट्रीय कारकीर्द : ३१ ऑगस्ट २०१७ रोजी कोलंबो येथे श्रीलंकेविरुद्ध त्यांनी पहिला एकदिवसीय सामना खेळला. अंगावर १० क्रमांकाची जर्सी होती. तो तेंडुलकर यांचा क्रमांक असल्याने समाजमाध्यमांवर टीकेचा भडिमार झाला. पुढे त्यांनी ५४ क्रमांक घेतला. फेब्रुवारी २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांनी टी-ट्वेंटी पदार्पण केले. त्या दौऱ्याहून विमानाच्या बिझनेस क्लासने परतलेले ठाकूर अंधेरीहून लोकल पकडून पालघरला गेले. डब्यातल्या प्रवाशांनी मोबाइलवर छायाचित्र शोधून, हा तोच खेळाडू ना, याची खात्री करून घेतली.

कसोटी पदार्पण ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादला वेस्ट इंडिजविरुद्ध झाले. अवघे दहा चेंडू टाकल्यावर जांघेचा स्नायू दुखावला आणि सामना त्यांच्यापुरता तिथेच संपला. दुसऱ्या कसोटीसाठी त्यांना सव्वादोन वर्षे थांबावे लागले. मर्यादित षटकांच्या सामन्यांत मात्र ते अडचणीच्या वेळी उपयोगी पडत राहिले. डिसेंबर २०१९ मध्ये कटक येथे वेस्ट इंडिजविरुद्धच्या निर्णायक सामन्यात त्यांनी सहा चेंडूंत नाबाद १७ धावा केल्या; त्यावर विराट कोहली यांनी ‘तुला मानला रे ठाकूर’ अशी मराठीतून दाद दिली. पुढच्याच महिन्यात वेलिंग्टनला न्यूझीलंडला शेवटच्या षटकात सात धावा हव्या असताना त्यांनी सामना बरोबरीत सोडवला आणि भारताने सुपर ओव्हरमध्ये तो जिंकला.

जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर प्रमुख गोलंदाज जायबंदी झाल्याने त्यांना संधी मिळाली. ऑस्ट्रेलियाच्या ३६९ धावांपुढे भारताची अवस्था ६ बाद १८६ होती. पॅट कमिन्स यांच्या चेंडूवर षटकार मारून ठाकूर यांनी खाते उघडले आणि पदार्पण करणाऱ्या वॉशिंग्टन सुंदर यांच्यासह १२३ धावांची भागीदारी केली. त्यांच्या ६७ धावा डावात सर्वाधिक ठरल्या. गोलंदाजीत दोन्ही डावांत मिळून त्यांनी सात बळी घेतले. भारत तीन गडी राखून जिंकला. १९८८ नंतर ऑस्ट्रेलियाचा या मैदानावरचा हा पहिलाच पराभव होता. कोहली यांनी पुन्हा मराठीतच ‘तुला परत मानला रे ठाकूर’ असे लिहिले.

सप्टेंबर २०२१ मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर ७ बाद १२७ अशा स्थितीनंतर त्यांनी ५७ धावा फटकावल्या. त्यातले अर्धशतक ३१ चेंडूंत झाले. इंग्लंडमधील कसोटीतले तोवरचे सर्वांत जलद अर्धशतक इयान बोथम यांचे, ३२ चेंडूंचे होते. दुसऱ्या डावात त्यांनी ६० धावा केल्या. मग इंग्लंडची शंभर धावांची सलामीची जोडी फोडली आणि जो रूट यांचा त्रिफळा उडवला. सामन्याचा मानकरी ठरलेल्या रोहित शर्मा यांनी तो मान शार्दूल यांना मिळायला हवा होता, असे बोलून दाखवले. याच मैदानावर २०२३च्या जागतिक कसोटी अजिंक्यपद अंतिम सामन्यात त्यांनी ५१ धावा केल्या. ओव्हलवर पाहुण्या संघाकडून सलग तीन कसोटी डावांत अर्धशतक करणाऱ्या डॉन ब्रॅडमन आणि ॲलन बॉर्डर यांच्या पंक्तीत ते बसले.

जानेवारी २०२२ मध्ये जोहान्सबर्गला ६१ धावांत ७ बळी ही त्यांची कसोटीतील सर्वोत्तम कामगिरी. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध भारतीय गोलंदाजाची ही सर्वोत्तम कामगिरी असूनही तो सामना भारताने गमावला. २०२५च्या इंग्लंड दौऱ्यावर ते लीड्स आणि मँचेस्टर येथील कसोटी सामने खेळले.

आयपीएल : २०१४ साली किंग्ज इलेव्हन पंजाबने त्यांना घेतले; पहिला सामना २०१५ मध्ये मिळाला. २०१७ला रायझिंग पुणे सुपरजायंट आणि त्यानंतर चेन्नई सुपर किंग्ज असा प्रवास झाला. चेन्नईच्या २०१८ व २०२१च्या विजेत्या संघांत ते होते. २०२१ मध्ये त्यांनी २१ बळी घेतले. २०१९चा अंतिम सामना मात्र त्यांच्यावरच संपला. शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या असताना लसिथ मलिंगा यांनी त्यांना पायचीत केले आणि मुंबई इंडियन्स एका धावेने जिंकले. २०२२च्या लिलावात दिल्ली कॅपिटल्सने १० कोटी ७५ लाख रुपये मोजले. पुढच्या वर्षी कोलकाता नाइट रायडर्सकडून ईडन गार्डन्सवर त्यांनी २९ चेंडूंत ६८ धावा केल्या. २०२४ला ते चेन्नईकडे परतले. नोव्हेंबर २०२४च्या महालिलावात त्यांच्यावर कोणीही बोली लावली नाही. जायबंदी मोहसीन खान यांच्या जागी लखनौ सुपर जायंट्सने त्यांना बोलावले, तेव्हा दुसऱ्याच सामन्यात ३४ धावांत ४ बळी घेऊन त्यांनी आयपीएलमधील बळींचे शतक पूर्ण केले. २०२६च्या हंगामासाठी मुंबई इंडियन्सने त्यांना लखनौकडून घेतले.

खेळाची शैली : ठाकूर उंच नाहीत आणि त्यांचा वेगही धडकी भरवणारा नाही. बाहेर जाणारा स्विंग, आडव्या शिवणीचा चेंडू आणि बेमालूम संथ चेंडू ही त्यांची हत्यारे. धावा जातात, पण जमलेली जोडी फुटते, म्हणून कर्णधार त्यांच्याकडे वळतात. फलंदाजीतही त्यांच्या गाजलेल्या खेळी वरची फळी कोसळल्यानंतरच्या आहेत. मार्च २०२४च्या रणजी उपांत्य सामन्यात तमिळनाडूविरुद्ध मुंबई ७ बाद १०६ अशी अडचणीत असताना नवव्या क्रमांकावर येऊन त्यांनी १०९ धावा केल्या. हे त्यांचे पहिले प्रथम श्रेणी शतक. अंतिम सामन्यात विदर्भाविरुद्ध ६९ चेंडूंत ७५ धावा केल्या आणि मुंबईने ४२व्यांदा रणजी करंडक जिंकला. जानेवारी २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरविरुद्ध ११९ धावा आणि त्यापाठोपाठ मेघालयविरुद्ध हॅट्ट्रिक अशी त्यांची कामगिरी होती. २०२५-२६च्या रणजी हंगामासाठी मुंबईचे कर्णधारपद अजिंक्य रहाणे यांच्यानंतर त्यांच्याकडे आले.

जिल्ह्याच्या संदर्भात : ठाकूर यांच्या रणजी पदार्पणानंतर काही महिन्यांनी, एप्रिल २०१३ मध्ये, उपनगरी लोकल विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत सुरू झाली. पालघर, बोईसर आणि डहाणूच्या मुलांना मुंबईची मैदाने त्यामुळे थोडी जवळ आली. गुजरात आणि दादरा-नगर हवेलीच्या सीमेला भिडलेल्या तलासरी तालुक्यातल्या उधव्यासारख्या गावांपासून मात्र हा लोहमार्ग दूर आहे. तिथल्या मुलाला मुंबईची गाडी पकडण्याआधी स्टेशन गाठावे लागते.