कोल्हापूर : उत्सवांचे वर्ष

पंचगंगेच्या काठचे कोल्हापूर हे अंबाबाईचे पीठ, छत्रपतींच्या करवीर गादीचे ठिकाण आणि तालमींचे गाव. येथील उत्सवचक्र या तिन्ही गोष्टींतून घडले आहे. मुख्य दिवस पंचांगातील तिथीने ठरतात. काही मात्र नदीच्या पाण्यावर, काही सूर्याच्या मावळतीच्या जागेवर, तर काही हिजरी महिन्यांवर अवलंबून असतात. येथला सण घरापेक्षा पेठेचा आणि पेठेपेक्षा तालमीचा असतो. गणपती बसवणारी, मोहरमचा पंजा उभारणारी, फुटबॉलचा संघ पोसणारी आणि आषाढात टेंबलाईला पाणी नेणारी मंडळी बहुधा तीच असतात. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. आता कित्येक तालमींत लाल मातीचा हौदा उरलेला नाही, पण वर्गणी, मिरवणूक आणि ईर्षा या तिन्ही बाबतींत तालमीचा शब्द अजून चालतो.

वर्षाचा पहिला मोठा मेळा शहराबाहेर, वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर भरतो. चैत्र पौर्णिमेच्या जोतिबा यात्रेला महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून लाखो भाविक येतात. गावोगावच्या सासनकाठ्या, म्हणजे कापडाने मढवलेले उंचच उंच वेळू, चारी बाजूंनी दोरांचा ताण देत नाचवत आणल्या जातात. पहिला मान सातारा जिल्ह्यातील पाडळीच्या काठीचा. देवाला दवणा वाहायचा, पालखीवर गुलाल-खोबरे उधळायचे. दुपारपर्यंत मंदिराचा परिसर, माणसे आणि पायऱ्या एकाच रंगाच्या होतात. दुसऱ्या रात्री गर्दी शहरात उतरते, कारण त्या रात्री अंबाबाईचा रथोत्सव असतो. महाद्वारातून निघालेला चांदीचा रथ गुजरी, भवानी मंडप, बिंदू चौक, मिरजकर तिकटी असा फिरून परत येतो. वाटेवर संध्याकाळपासूनच रांगोळ्या आणि फुलांचे गालिचे घातलेले असतात.

६ मे हा राजर्षी शाहू महाराजांचा स्मृतिदिन आणि २६ जून त्यांची जयंती. हे दोन्ही दिवस इंग्रजी तारखेने पाळले जातात. २०२२ साली स्मृतिशताब्दीच्या दिवशी सकाळी शहर शंभर सेकंद जागच्या जागी स्तब्ध उभे राहिले होते. जयंती राज्यभर सामाजिक न्याय दिन म्हणून साजरी होते. कोल्हापुरात मात्र तो सरकारी दिवस वाटत नाही. दसरा चौकातील पुतळ्याला शाळकरी पोरांपासून पैलवानांपर्यंत सगळे हार घालायला येतात.

जूनच्या मध्यावर पाऊस लागला की शहराचे लक्ष नदीकडे वळते. राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी फुटांत सांगितली जाते. ३९ फूट ही इशाऱ्याची आणि ४३ फूट ही धोक्याची खूण चहाच्या गाड्यावरच्या माणसालाही पाठ असते. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांनी ही सवय पक्की केली. याच पाण्याचा एक उत्सवही आहे. आषाढात नदीला नवे पाणी आले, की पेठापेठांतून मंगळवारी आणि शुक्रवारी त्र्यंबोलीची, म्हणजे टेंबलाईची, यात्रा निघते. सुवासिनी आणि मुली पंचगंगेचे गढूळ नवे पाणी कलशांत भरतात, कलश डोक्यावर घेऊन टेंबलाईच्या टेकडीपर्यंत जातात आणि देवळाच्या पायऱ्यांवर ओततात. पुढे ‘पी ढबाक’ वाजत असते. सनईसारख्या वाद्याची ‘पी’ आणि चर्मवाद्याचा ‘ढबाक’, एवढ्यात नाव संपते आणि वर्णनही. पाणी वाहून झाले, की घरोघर मटणाचे वाटे पडतात आणि तांबडा-पांढरा रस्सा शिजतो. पाहुण्याला कोल्हापूर एकाच दिवसात समजून घ्यायचे असेल, तर दसऱ्याऐवजी आषाढातला असा एखादा मंगळवार निवडावा. याच महिन्यात एकादशीला शहरातून विठ्ठलाची दिंडी नंदवाळला जाते आणि वाटेत पुईखडीच्या माळावर रिंगण होते.

गणेशोत्सवात राज्यातील इतर शहरांसारखेच देखावे, ध्वनियंत्रणा आणि त्यांवरचे वाद येथेही आहेत. विसर्जन मिरवणुकीत पहिला मान तुकाराम माळी तालमीचा. पूर्वी बहुतेक मूर्ती पंचगंगेत विसर्जित होत. मूर्तिदानाची चळवळ आणि नदीप्रदूषणाचा प्रश्न यांमुळे आता मोठ्या संख्येने मूर्ती इराणी खणीकडे वळवल्या जातात. घरगुती बाजूला गौरीचे महत्त्व गणपतीइतकेच. पाणवठ्यावरून गौर आणतात, तिला भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवतात, आणि दुसऱ्या दिवशी तिला न्यायला शंकरोबा येतो. माहेरवाशिणीच्या मागोमाग जावई हजर व्हावा, तसा.

शारदीय नवरात्र हा शहराचा सर्वांत मोठा सोहळा. अंबाबाईची रोज वेगळ्या रूपात पूजा बांधली जाते, रात्री पालखी निघते. ललिता पंचमीला देवीची पालखी त्र्यंबोलीच्या भेटीला टेकडीवर जाते. कोल्हासुर राक्षसाच्या वधानंतरच्या आनंदसोहळ्यात अंबाबाई आपल्याला बोलवायला विसरली, म्हणून त्र्यंबोली रुसून शहराकडे पाठ फिरवून बसली, अशी कथा आहे. ही भेट तिची समजूत काढण्यासाठी. तेथे कुमारिकेच्या हातून कोहळा फोडण्याचा विधी होतो; कोहळा म्हणजे कोल्हासुर. त्रिशूळाचा घाव बसताच त्या फुटलेल्या कोहळ्याची फोड मिळवण्यासाठी जी झुंबड उडते, तिच्यात पोलिसांचे कडे दरवर्षी मोडते. अष्टमीच्या रात्री देवी नगरप्रदक्षिणेला निघते.

दसऱ्याचे सीमोल्लंघन दसरा चौकात होते. अंबाबाई, भवानी मंडपातील तुळजाभवानी आणि गुरुमहाराज यांच्या पालख्या मावळतीपूर्वी मैदानात पोहोचतात. छत्रपती घराण्यातील मंडळी संस्थानकाळातील मेबॅक मोटारीतून येतात. सूर्यास्ताच्या सुमारास शमीपूजन होते आणि क्षणार्धात सोने लुटायला सारे मैदान धावते. विधी जेमतेम काही मिनिटांचा. त्याच्यासाठी लोक दुपारपासून जागा धरतात. ज्या चौकात हे राजेशाही सीमोल्लंघन होते, त्याच्याभोवती शाहूकाळात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी उभी राहिलेली वसतिगृहे आहेत, हेही येथे नोंदवले पाहिजे. अलीकडे शासनाच्या पाठबळाने दसऱ्याला पर्यटन महोत्सवाचे रूप देण्याचे प्रयत्न चालू आहेत. त्यातले मंचीय कार्यक्रम कुठेही होऊ शकले असते.

दिवाळीच्या पाडव्याला दोन गोष्टी घडतात. बाजार समितीत मुहूर्ताचे गूळ सौदे निघतात. शाहूपुरी ही पेठच मुळात १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी वसवली गेली होती. आणि गवळी समाज आपल्या म्हशी रस्त्यावर आणतो. शिंगे रंगवलेली, गळ्यात कवड्यांच्या माळा, पाठीवरचे केस कातरून काढलेली नक्षी. मालक दुचाकीवरून पुढे सुटतो आणि म्हैस त्याच्या आवाजामागे धावते. पाठीवर चाबूक नाही, गळ्यात दावे नाही. म्हैस मालकाला किती ओळखते, हेच पाहायचे असते. पुढे त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे पंचगंगा घाटावर दीपोत्सव होतो.

किरणोत्सव हा या वर्षचक्रातला सर्वांत वेगळा प्रसंग. अंबाबाईचे मंदिर पश्चिमाभिमुख आहे. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून शिरतात, गरुड मंडप आणि कासव चौक ओलांडतात, पितळी व चांदीच्या उंबऱ्यावरून गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी ती मूर्तीच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी चेहऱ्यापर्यंत पोहोचावीत, अशी अपेक्षा असते. दोन्ही काळ दक्षिणायनाच्या शेवटच्या दिवसापासून सारख्याच अंतरावर, सुमारे एक्केचाळीस दिवसांवर आहेत, त्यामुळे दोन्ही वेळा सूर्य क्षितिजाच्या त्याच बिंदूवर मावळतो. ढग, धूलिकण, हवेतील बाष्प आणि महाद्वार रस्त्यावरची वाढीव बांधकामे यांमुळे काही वर्षी किरणे चरणांवरच, क्वचित उंबऱ्यावरच विरतात. स्थानिक महाविद्यालयांतील अभ्यासक प्रकाशाची तीव्रता उपकरणांनी मोजतात, आणि किरणे कुठवर गेली हे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात क्रिकेटच्या धावसंख्येइतक्या आत्मीयतेने वाचले जाते.

हिवाळा नाटकांचा आणि मैदानांचा. हौशी राज्य नाट्य स्पर्धेचे कोल्हापूर केंद्र गाजायचे ते केशवराव भोसले नाट्यगृहात. १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभी राहिलेली ही वास्तू ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झाली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्यानंतर पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले. शेजारच्या खासबाग मैदानात (१९१२) उन्हाळ्यापर्यंत कुस्त्या होतात. खोलगट बांधणीमुळे शेवटच्या रांगेतूनही डाव दिसतो. शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होऊन मेपर्यंत चालतो. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तालमींची नावेच संघांची नावे. फाल्गुनात रंग खेळायचा तो धुळवडीला नव्हे, रंगपंचमीला.

मोहरमला या वर्षक्रमात ठरलेली जागा नाही. चांद्रवर्षामुळे तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. कोल्हापुरात पंजे दर्ग्यांत बसतात तसे तालमींतही बसतात, आणि त्यांची सेवा करणाऱ्यांत हिंदू घरे पुष्कळ आहेत. बाबूजमाल दर्ग्याच्या चौकटीवर गणपती कोरलेला आहे. २०१८ ते २०२० या काळात मोहरम गणेशोत्सवाशी जुळून आला, तेव्हा काही तालमींत गणपती आणि पंजा एकाच छताखाली होते. असा योग साधारण तेहतीस वर्षांनी येतो. २०२४ मध्ये मोहरम १७ जुलैला, नेमका आषाढी एकादशीला आला. २०२६ मध्ये तो जूनच्या अखेरीस, शाहू जयंतीच्या आसपास येतो.