साखळी, स्नेही आणि १९७८चा कायदा

परप्रांतात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाला आपली भाषा बोलणारा कोणी भेटला, की ओळखीचे स्नेहात रूपांतर व्हायला वेळ लागत नाही. याच स्नेहाच्या वाटेने एखाद्या रविवारी निमंत्रण येते : ‘घरी या, एक उत्तम संधी सांगायची आहे.’ संधी कसली, हे मात्र आधी सांगितले जात नाही. ही पहिली खूण.

हा प्रश्न शासनापुढे नवा नाही. रिझर्व्ह बँकेने १९७४ साली जेम्स राज यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. बक्षीस-चिठ्ठीच्या योजनांचा लाभ मुख्यतः चालकांनाच होतो, असे सांगून त्याने १९७५ मध्ये बंदीची शिफारस केली. त्यातून ‘प्राइझ चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स (बॅनिंग) ॲक्ट, १९७८’ हा केंद्रीय कायदा झाला. आपली घरगुती भिशी यात येत नाही. तिच्यात सभासद ठरलेले असतात आणि पाळी प्रत्येकाची येते. साखळीत मात्र मागून येणाऱ्याच्या पैशावरच पुढच्याची पाळी अवलंबून असते.

कायद्याच्या व्याख्येची कसोटी कोलकात्यात लागली. ‘संचयिता’ नावाची संस्था ठेवीदारांना प्रत्यक्षात वार्षिक ४८ टक्क्यांपर्यंत व्याज देत होती. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली या कायद्याखालील फिर्याद रद्द केली. व्याज अवास्तव असले, तरी नवीन सभासदांच्या भरतीशी त्या देण्याचा संबंध फिर्यादीत दिसत नव्हता. पुढे केरळमधील एका योजनेत ६२५ रुपयांच्या बदल्यात १२५० देण्याचे आश्वासन होते आणि ते पुढील सभासदांच्या भरतीवर अवलंबून होते. कुरियाचन चाको खटल्यात २००८ साली न्यायालयाने आरोपींवरील कारवाई चालू राहू दिली. दोन्ही निकाल एकत्र वाचले, की कसोटी स्पष्ट होते : उद्यापासून एकही नवा सभासद आला नाही, तर मला पैसे मिळतील काय? रविवारच्या बैठकीत विचारायचा प्रश्न हाच.

उत्तर गणितातही आहे. प्रत्येकाने सहा जण आणायचे म्हटले, तर बाराव्या पायरीवर सुमारे २१७ कोटी माणसे लागतात. तेवढी भारतात नाहीत. साखळी कोठेही तुटली, तरी सुमारे पाच-षष्ठांश सभासद सर्वांत खालच्या पायरीवर, म्हणजे काहीही न मिळालेले असतात.

तरीही तक्रारी उशिरा का येतात? कायद्याचे कलम ३ वाचले, की उलगडा होतो. योजना चालविणे तर गुन्हा आहेच. पण सभासद होणे, तीत भाग घेणे, तिच्यासाठी पैसे घेणे वा पाठविणे हेही निषिद्ध आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावासाची. ज्याची फसवणूक झाली, त्यानेच मेहुण्याला आणि शेजाऱ्याला आत आणलेले असते. तो ठाण्यात जाणार कसा? लाज आणि भय मिळून प्रशासनाची फाईल कोरी ठेवतात, आणि तोवर चालक दुसऱ्या शहरात पोहोचलेला असतो.

२०२१च्या थेट विक्री नियमांनीही पिरॅमिड योजनांना मनाई केली आहे. म्हणून माल दाखविला जात असेल, तर दुसरा प्रश्न विचारावा : साखळीबाहेरचे कोणी हा माल या किमतीला घेईल काय?

नकार देताना मित्राचा पाणउतारा करू नये. बहुधा तोही कोणाच्या तरी शब्दावरच फसलेला असतो. त्याला निकड असेल, तर झेपेल तेवढी रक्कम हातउसनी द्यावी, सभासदत्वाचा अर्ज मात्र भरू नये. पैसे भरलेच असतील, तर पावत्या आणि निरोप जपून ठेवावेत, पुढे कोणालाही आणू नये आणि पोलिसांकडे किंवा रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर लेखी तक्रार करावी. शक्य झाल्यास त्या मित्रालाही सोबत न्यावे. त्याची सुटका आणि आपली मैत्री, दोन्ही टिकण्याचा मार्ग बहुधा तोच असतो.