धनुष्याचे लाकूड : वनापासून आयुधागारापर्यंत

इ. स. १९०५ मध्ये म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयाच्या हाती एक पोथी आली आणि १९०९ मध्ये शामशास्त्री यांनी ती छापून प्रसिद्ध केली. कौटिलीय अर्थशास्त्र जगापुढे आले ते असे. पुढे मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी तिची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. या ग्रंथातील राजनीतीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र अगदी लहान आहे. प्राचीन भारतीय धनुष्य कोणत्या लाकडाचे असे, आणि ते लाकूड येई कोठून?

या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या अधिकरणातील लागोपाठच्या दोन अध्यायांत आहे. सतरावा अध्याय कुप्याध्यक्षाचा, म्हणजे वनोत्पन्नावरील अधिकाऱ्याचा. अठरावा आयुधागाराच्या अध्यक्षाचा. हा क्रम मला योगायोगाचा वाटत नाही. कुप्याध्यक्षाने वनपालांकरवी माल आणवायचा आणि वनाची नासधूस करणाऱ्याकडून दंड वसूल करायचा. त्याच्या भांडारात साग, अर्जुन, खैर, धावडा अशी कठीण लाकडे वेगळी आणि वेळूच्या जाती वेगळ्या. पान उलटावे तो पुढच्या अध्यायात त्याच मालाची शस्त्रे झालेली दिसतात. तेथे धनुष्याची चार द्रव्ये सांगितली आहेत: ताड, चाप, दारू म्हणजे लाकूड, आणि शिंग. त्यांची नावे अनुक्रमे कार्मुक, कोदंड, द्रूण आणि धनुष्य. यांतील चाप ही वेळूचीच एक जात, कारण मागच्या अध्यायातील वेळूंच्या यादीत ती आलेली आहे. म्हणजे कौटिल्याच्या हिशेबाने कोदंड हे वेळूचे धनुष्य ठरते! पुढे अमरकोशात ही नावे एका ओळीत बसून समानार्थी झाली आणि द्रव्याचा भेद पुसला गेला. आपण कोदंडधारी राम म्हणतो तेव्हा वेळूचे बेट कोणाच्या डोळ्यांपुढे येते?

कठीण लाकडांच्या त्याच यादीत धन्वन हे एक नाव आहे. धनुष्याशी नाते सांगणारा हा वृक्ष म्हणजे आपली धामण. सह्याद्रीच्या पानझडी जंगलांत, गोव्यापासून खानापूरच्या रानापर्यंत, ती सर्वत्र आढळते. हिचे लाकूड चिवट आणि लवचिक. वाकते, पण सहजी मोडत नाही. म्हणून कुऱ्हाडीचा दांडा आणि खांद्यावरची कावड यांसाठी हिला मान.

धनुष्याला नुसते कठीण लाकूड चालत नाही. दोरी ओढली की धनुष्याची बाहेरची बाजू ताणली जाते आणि धनुर्धराकडची आतली बाजू दाबली जाते. बाहेरच्या बाजूचा एखादा तंतू जरी तुटलेला असला, तरी तेथूनच चीर पडते. करवतीने कापलेल्या लाकडात तंतू आडवे तुटण्याचे भय असते. रेषेबरहुकूम फोडलेल्यात ते कमी. वेळूला निसर्गानेच अनुकूल केले आहे, कारण त्याचे सर्वांत दाट व बळकट तंतू सालीलगत असतात.

हे ज्ञान आपल्या ग्रंथांत शकुनाच्या भाषेत दडले आहे. शार्ङ्गधरपद्धती या चौदाव्या शतकातील संग्रहात धनुर्वेदाचा भाग आहे. त्यात अतिजीर्ण, कच्चा, जळलेला, छिद्र पडलेला आणि ज्ञातिघृष्ट असा वेळू वर्ज्य सांगितला आहे. ज्ञातिघृष्ट म्हणजे बेटातल्या भाऊबंदांशी घासलेला. त्याचे धनुष्य केले तर घरात भाऊबंदकी होते म्हणे. कलहाचे राहू द्या. पण घासलेल्या वेळूची साल, म्हणजे नेमकी ताण सोसणारी बाजू, जखमी झालेली असते. कच्चा वेळू मोडतो हे तर तेथे स्पष्टच म्हटले आहे. हा अनुभव पंडिताचा नव्हे, कारागिराचा. शुक्ल यजुर्वेदात धनुष्कार, ज्याकार आणि इषुकार, म्हणजे धनुष्य, दोरी आणि बाण करणारे, असे तीन निरनिराळे कारागीर मोजले आहेत. नाव मात्र त्यांतल्या एकाचेही उरले नाही.

अग्निपुराणात चंदन, वेतस, साल, अर्जुन अशी लाकडे सांगून शेवटी शरद ऋतूत तोडलेल्या वेळूच्या धनुष्याला सर्वश्रेष्ठ ठरवले आहे. पावसाळ्यात वेळू रसाने भरलेला असतो, तेव्हा तोडला तर त्याला कीड लवकर लागते. म्हणून पाऊस सरल्यावर. याच पुराणात चार हात लांबीचे धनुष्य उत्तम म्हटले आहे. चार हात म्हणजे सुमारे सहा फूट.

ही लांबी परकीयांच्याही डोळ्यांत भरली होती. झर्क्सिझच्या इ. स. पू. ४८० च्या स्वारीतील भारतीय सैनिक सुती वस्त्रे नेसून वेताची वा वेळूची धनुष्ये बाळगत, असे हिरोडोटस लिहितो. भारतीय धनुष्य माणसाच्या उंचीएवढे असते, ते जमिनीला टेकवून डाव्या पायाने दाबून ओढतात, असे एरियन सांगतो. ही उंची हौसेची नव्हे. अखंड लाकडाचे वा वेळूचे धनुष्य आखूड केले तर तेवढाच बाण ओढताना ते फार वाकवावे लागते आणि मोडते. शिंग, लाकूड आणि स्नायू सरसाने जोडून केलेले धनुष्य आखूड असूनही जोरकस. घोडेस्वाराला तेच सोयीचे. पण आपल्या पावसाळ्याच्या दमट हवेत सरस ढिला पडतो, तेथे वेळूला तोड नाही. अर्थात लांब धनुष्याचीही अडचण होतीच. इ. स. पू. ३२६ मध्ये झेलमच्या काठी पोरसाच्या धनुर्धरांना पावसाने निसरड्या झालेल्या जमिनीवर धनुष्य टेकवता येईना, असे कर्टियसने नोंदवले आहे.

दोरीचा विचारही कौटिल्याने सोडलेला नाही. मूर्वा, रुई, ताग, गवेधु, वेळू आणि स्नायू ही त्याची सहा द्रव्ये. पैकी मूर्वेवरून मौर्वी हा शब्द आला, तो काव्यात रूढ झाला. वेळूची दोरी मात्र वाचणाऱ्याला अशक्य कोटीतली वाटते. पण भिल्लांचा परंपरागत कमठा पाहावा: तो वेळूचा, आणि त्याची दोरीही वेळूच्याच सालीची, पातळ पट्टी काढून केलेली.