पाहुण्या भगिनी आणि भूमिकन्या

भिलाईचे नाव घेतले की पोलाद आठवते आणि पोलादाबरोबर सोव्हिएत तंत्रज्ञही आठवतात. 1955 साली करार झाला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. परदेशी तंत्रज्ञांनी येथील तरुणांना भट्टी चालवावयास शिकविले आणि क्रमाक्रमाने ते मायदेशी परतले. शिकविलेले काम शिष्यांच्या हाती सोपविले जाते की नाही, हीच परकीय साहाय्याची कसोटी होय. याच छत्तीसगडच्या ईशान्य कोपऱ्यात जशपूरचा डोंगराळ मुलूख आहे आणि त्याला लागून छोटा नागपूर आहे. तेथील कॅथलिक धर्मभगिनींच्या कार्यालाही ही कसोटी लावून पाहण्याजोगी आहे.

एकोणिसाव्या शतकात तेथील उरांव आणि मुंडा शेतकरी जमीनदाराच्या वेठीने व सावकाराच्या कर्जाने गांजलेला होता. 1845 मध्ये जर्मन लुथरपंथी मिशनरी रांचीस आले. 1885 मध्ये बेल्जियमचे जेझुइट पाद्री कॉन्स्टंट लीव्हन्स तेथे पोहोचले आणि आदिवासींच्या जमिनीचे खटले कचेरीत लढविण्यास साहाय्य करू लागले. हजारो कुटुंबे ख्रिस्ती झाली. त्या धर्मांतरात श्रद्धा किती आणि जमीन वाचविण्याची आस किती, हे वेगळे काढणे कठीण आहे.

1890 मध्ये लोरेटो संघाच्या भगिनी रांचीस आल्या. त्यांचा संघ आयर्लंडमधून प्रथम कलकत्त्यास आलेला होता. त्यांच्या शाळेत उरांव समाजातील बर्नाडेट किस्पोट्टा ही मुलगी शिकत होती. तिचा जन्म 1878 चा. तिने आणि तिच्या तीन मैत्रिणींनी आजन्म अविवाहित राहून सेवा करण्याचा निश्चय केला. मुलीचे लग्न हा जेथे साऱ्या कुळाचा व्यवहार, तेथे हा निश्चय म्हणजे बंडच होते. घरची माणसे संतापली. आदिवासी मुलींना असे व्रत पेलेल काय, ही शंका युरोपीय धर्माधिकाऱ्यांनाही आली. मुली मात्र ढळल्या नाहीत. अखेर कलकत्त्याचे आर्चबिशप पॉल गोथल्स यांनी संमती दिली आणि 26 जुलै 1897 रोजी, संत अन्नाच्या सणादिवशी, ‘संत अन्नाच्या कन्या’ हा संघ स्थापन झाला.

या घटनेने कार्याचे स्वरूप पालटले. परदेशी भगिनीला प्रथम भाषा शिकावी लागे. या कन्यांना गावची बोली, गावचे दुःख आणि गावची रीत जन्मतःच ठाऊक होती. शाळा, वसतिगृहे आणि रुग्णसेवा यांच्या द्वारे संघ वाढला आणि जशपूर भागातही पोहोचला. बर्नाडेट 16 एप्रिल 1961 रोजी निवर्तल्या.

या कार्यावर आक्षेपही घेतले गेले. नागपूर राजधानी असलेल्या तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने 1954 मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 1956 च्या अहवालात तिने शाळा व दवाखाने यांचा उपयोग धर्मांतरासाठी होतो, असा ठपका ठेवला. ख्रिस्ती समाजाने तो अहवाल एकांगी ठरविला. 1968 मध्ये कायदा झाला आणि 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. हा वाद अद्याप शमलेला नाही.

मदत आणि धर्मप्रसार यांची सीमा कोठे असावी, हा प्रश्न रास्त आहे. परंतु त्याची चर्चा करताना त्या चार मुलींना केवळ परक्यांच्या हातची साधने समजणे न्याय्य होणार नाही. घरच्यांचा रोष पत्करून आणि धर्माधिकाऱ्यांची शंका ऐकूनही त्यांनी आपला मार्ग स्वतः निवडला. त्यांच्यामुळेच पाहुण्यांनी आरंभिलेले कार्य त्या भूमीच्या लेकींच्या हाती आले.